डायनिंग टेबलावरचं जहाज

बळवंतराव केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झाले आणि गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर लाकडी जहाज बांधायला बसले. तीन वर्षं ते चिमट्याने एकेक फळी, एकेक दोरी बसवत राहिले आणि तीन वर्षं कुमुदताई मांडीवर ताट घेऊन जेवत राहिल्या. टेबल कधी मोकळं होणार विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, डोलकाठी तेवढी राहिलीय."

यंदा ते जहाज मंडळाच्या गणपतीपुढे आरास म्हणून दिमाखात मांडलं गेलं. बळवंतराव मंडळाचे सेक्रेटरी. उभा जन्म फायलींत गेलेला, त्यामुळे विसर्जनाची नोटीसही त्यांनीच काढली होती: थर्माकोल, प्लॅस्टिक पाण्यात चालणार नाही, फुलं, कागद, लाकूड यांची सगळी आरास मूर्तीबरोबरच विसर्जित करावी, कुणालाही सवलत मिळणार नाही.

हौदाशी आरती झाली. बळवंतरावांनी मिटलेले डोळे उघडले, तर बाप्पांच्या मागोमाग त्यांचं जहाज शिडांसकट पाण्यात आडवं होत होतं.

"अगं चेतना, हे काय केलंस!" ते विसर्जनाची व्यवस्था बघणाऱ्या चेतनावर ओरडले.

"काका, बिल्कुल तुमच्या नोटीसप्रमाणे केलंय," म्हणत तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

नोटीस त्यांचीच होती, सकाळीच फॉरवर्ड झालेली. पाठवणाऱ्या कुमुदताई, आणि खाली त्यांची एक ओळ: "जहाज राहायला नको हं."