ऊसतोडीचा क्रम

कराडजवळच्या साखर कारखान्यात कुणाचा ऊस आधी तोडायचा, हे ठरवणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम सुकुमारने लिहिला होता आणि त्याच नोकरीच्या जोरावर त्याचं लग्नही ठरलं होतं. अठ्ठ्याहत्तरच्या हंगामाआधी मुंबईहून एक विक्रेता आला नि म्हणाला, "आमचं नवं मशीन प्रोग्रॅम स्वतःच लिहितं."

"मग ह्याचं काय काम?" चेअरमननी विचारलं.

मशीनने स्वतःच प्रोग्रॅम लिहून लागणीच्या तारखांवरून भराभर क्रम छापून दिला.

"आमच्या व्याह्यांचा ऊस कवा तुटतोय?" चेअरमननी विक्रेत्याला विचारलं.

"सगळ्यात शेवटी, साहेब. मशीनला सगळे सभासद सारखे!"

चेअरमननी उठून स्वतःची खुर्ची सुकुमारपुढं सरकवली.

"बस रं. ह्यांचं मशीन अजून लय अडाणी हाय."