वेदीवरचं कापड

व्हरमाँटमधल्या आमच्या छोट्याशा एपिस्कोपल चर्चमध्ये वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करायचं काम बायका स्वखुशीने, आळीपाळीने करतात. हॅरिएट आणि विल्मा शाळेपासूनच्या मैत्रिणी. पण विल्माच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला हॅरिएट आली नाही, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. त्या शनिवारी बाकीच्या तापाने आडव्या झाल्या आणि नेमक्या या दोघीच उरल्या.

इस्त्री मुकाट्याने झाली. पण त्या लांबलचक कापडाची घडी एकटीला घालता येईना. दोघींनी दोन टोकं धरली. टोकाला टोक जुळवायचं, तर जवळ यावंच लागलं.

“तू आली नाहीस,” विल्मा म्हणाली.

“आले होते गं. बाहेर गाडीतच बसून राहिले. रडू आवरेना. म्हटलं, हिला धीर द्यायचा सोडून आपणच काय गळा काढायचा?”

“वेडी कुठली! धीर द्यायला अख्खं गाव होतं. सोबत रडायलाच कुणी नव्हतं.”

मग दोघी तिथेच रडल्या. कापड चुरगळलं, पुन्हा इस्त्री करावी लागली.

पुढच्या शनिवारी पाळी दुसऱ्यांची होती, तरी दोघी हजर. विल्माने कापड उजेडात धरलं. “अगं, हे तर स्वच्छच आहे. एकही डाग नाही.”

हॅरिएटने चर्चच्या कपाटातली, प्रभुभोजनाच्या विधीसाठी ठेवलेल्या लाल वाइनची बाटली काढली आणि चमचाभर वाइन कापडावर ओतली.

“आता आहे.”