आवडाबाईच्या प्लेटलेट

आवडाबाईला आपलं रक्त ओळखूच येईना. काचेच्या नळीत लाल काही नव्हतंच. होतं ते पिवळसर, गढूळ पाणी.

"ह्या माझा रगत हाय?" तिने लेकीला विचारलं. भागीरथीने मान डोलावली. तांबड्या पेशी तळाशी बसवून तिने वरचं पाणी तेवढं घेतलं होतं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट त्यातच असतात.

पंच्याऐंशीपासूनची संशोधनाची तीन वर्षं आज पणाला लागली होती. आधी रक्त द्यायला आलेले दोघे चहाबरोबर डोकेदुखीची गोळी घेऊन आले होते, आणि वर औषध काही घेतलं नाही म्हणून शपथेवर सांगत होते. त्या गोळीने प्लेटलेट नीट चिकटत नाहीत; त्यांच्या रक्ताने दगा दिला. आजही तेच झालं तर मार्गदर्शक सर विषय बदलायला लावणार होते. म्हणून भागीरथीने कोपरीहून सरळ आईलाच प्रयोगशाळेत धरून आणलं होतं. आवडाबाई मेली तरी गोळी घ्यायची नाही.

नळी यंत्रात ठेवून तिने अ‍ॅड्रेनलिनचा थेंब टाकला. माणूस घाबरला की शरीर हेच सोडतं, एवढं तिने आईला समजावलं होतं. आलेखाच्या कागदावरचं पेन थोडं चढलं आणि थबकलं. आधीच्या दोघांचं इथेच थांबलं होतं. मग पेन पुन्हा हललं आणि चढतच गेलं. नळीतलं पाणी नितळ झालं, प्लेटलेट एकमेकींना चिकटून त्यात नासलेल्या दुधासारखे पांढरे कण फिरू लागले.

दुसऱ्या नळीत तिने आधी गुठळी रोखणारं आपलं औषध घातलं, मग अ‍ॅड्रेनलिन. पेन सरळ रेघ ओढत राहिलं. भागीरथीला रडू फुटायचंच बाकी होतं.

"जमलं, आये. भीती आली, पण औषधाने तिला दारातच अडवलं."

आवडाबाईचं त्या नळीकडे लक्षच नव्हतं. पहिली नळी उजेडात धरून तिने विचारलं, हे सगळे असे एकत्र का आले? भागीरथी म्हणाली, भ्यालेल्या माणसाला जखम होऊ शकते. रक्त वाहून जाऊ नये म्हणून प्लेटलेट आधीच एकमेकींना धरायला तयार होतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

नळी आवडाबाईने आता दोन्ही हातांत घेतली होती.

"तुझ्या बापाची होडी खाडीत बुडली," ती हळू म्हणाली, "तवा धक्क्यावर मी एकलीच उभी हाय, असा वाटलेला मना."