चौथा श्वास

चौथा श्वास आलाच नाही.

मयुरेशने माउथपीस तोंडातून काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा दातांत धरला. पहिला श्वास झकास. दुसरा ठीक. तिसरा जरा कंजूष. चौथ्याला नुसतेच गाल आत गेले.

हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं दुरुस्त करायचं त्याचं सातपूरला वर्कशॉप होतं. धरणाचे दरवाजे पाण्याखाली जाऊन तपासणारा आल्हाद त्याचा ओळखीचा. सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणून देणारा त्याचा रेग्युलेटर दरवर्षी दुरुस्तीला मुंबईला जायचा. "मुंबईला कशाला? द्या इकडे," असं मयुरेशनेच एकदा त्याला सांगून टाकलं होतं. मयुरेश माणूस भारी चौकस. बाकी गोदावरीच्या काठी वाढला, पण पाण्यात कधी गुडघ्याच्या वर गेला नाही. रेग्युलेटर तो शिकला पुस्तकातून, आकृत्यांवर बोट ठेवून ठेवून.

पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. सिलिंडर एक, माउथपीस दोन. मुख्य आपल्या तोंडात, स्पेअर जोडीदारासाठी. खाली त्याची हवा संपली की त्याने तुमचा स्पेअर घ्यायचा आणि दोघांनी एकाच सिलिंडरवर वर यायचं.

आल्हादचा सेट मात्र जरा विचित्रच जोडलेला. मुख्य माउथपीसला सात फुटांची लांबलचक नळी, आणि स्पेअर आखूड नळीवर, रबरी दोरीने गळ्यात लटकवायचा. दुसऱ्याला द्यायची ती नळी लांब नको का? असते एकेकाची तऱ्हा, असं म्हणून मयुरेशने पाना उचलला.

मुख्य ठणठणीत होता. गडबड होती ती स्पेअरमध्ये. त्याने आखूड नळी सोडवली आणि आत बॅटरी मारली. तोंडाशीच पितळेची एक चकती बसवलेली, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. कडा लेथवर काढून घासलेल्या. पाण्याबाहेर माउथपीसचं बटण दाबून पाहिलं तर फुस्स आवाज यायचा आणि सगळं नीट वाटायचं. नळीत साठलेली हवा दोन-तीन श्वासांना पुरायची. पुढे काही नाही.

अशी चकती आपोआप येऊन बसत नाही. आल्हादचा जोडीदार कोण, हे मयुरेशला पक्कं ठाऊक होतं. आठ वर्षं एकच, हर्षल.

आणि नेमका त्याच वेळी हर्षलच दारात उभा राहिला. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

"आल्हादने सेट इथे टाकलाय म्हणे," तो धापा टाकत म्हणाला. "मला आत्ता कळलं. द्वारका चौकापासून गाडी पळवत आणलीय. उघडला नाही ना अजून?"

"आधी बस. पाणी पी."

मयुरेशच्या पोटात गोष्ट कुठली राहायला? त्याने चकती हर्षलच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. हर्षलचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघून मयुरेशला गलबलून आलं. धाकट्या भावाच्या वयाचं पोरगं.

"तुमच्या दोघांचं काही बिनसलंय का रे?"

"सारखा माझ्यामागे लागलाय," हर्षल चकतीकडे बघतच बोलला. "इगतपुरीच्या बाजूला एका धरणाचा दरवाजा मी मागे तपासला होता. उद्या तोच परत तपासायचा म्हणतो, माझ्या रिपोर्टवर विश्वास नाही म्हणे."

"म्हणून काय जिवावर उठायचं?"

हर्षलने चकती उलटीपालटी करून पाहिली. मग त्याने विचारलं, "आणखी कुणाला बोललात?"

"छे. कुणाला नाही."

"बाहेरून ओळखू येतं हे?"

"माझ्याशिवाय कुणाच्या बापाला यायचं नाही." तेवढ्यातही मयुरेशला फुशारकी आवरली नाही.

हर्षलने चकती परत दिली. "मग होती तशी बसवा. उद्या धरणावर साहेब लोक येणार आहेत. त्यांच्यासमोर मीच नळी उघडून दाखवतो. आल्हादला कळू देऊ नका, नाहीतर पुरावाच नाहीसा करेल."

मयुरेशला ते पटलं. त्याने चकती बसवून नळी पुन्हा जोडली.

"पाण्यात उतरू नकोस हं त्याच्याबरोबर."

"नाही उतरत," हर्षल म्हणाला आणि सेट पिशवीत घालून निघून गेला.

त्या रात्री मयुरेशला जेवण गेलं नाही. सकाळी दहाला फोन वाजला. आल्हादचा.

"मयुरेशभाऊ, सेट मिळाला. हर्षलने आणून दिला. एका दिवसात केलंत, मानलं तुम्हाला."

आवाज असा मोकळा, की मयुरेशच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"साहेब लोक आले का?" त्याने विचारलं.

"ते दुपारी. सध्या आम्ही दोघंच आहोत. सूट चढवलाय, आता उतरतोच."

मयुरेश ताडकन उठून उभा राहिला. म्हणजे हर्षलला थांबता आलं नव्हतं. आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. आपल्याला सगळं कळलंय, एवढं जरी याला समजलं तरी तो कचरेल.

"आल्हादभाऊ, एक विचारतो, खरं सांगा," तो एकेक शब्द तोलत म्हणाला. "खाली हर्षलची हवा संपली, तर तुम्ही त्याला कुठला माउथपीस देणार?"

आल्हाद हसला.

"पुस्तक जुनं झालं तुमचं. घाबरलेल्या माणसाला खात्रीने चालू असलेलाच द्यायचा, लांब नळी त्यासाठीच तर घेतली. माझ्या तोंडातला काढून त्याला देणार, आणि गळ्यातला मी घेणार. बरं, ठेवतो, हर्षल पाण्यात उतरलासुद्धा."