लांबून काढलेला फोटो

फोटोग्राफीच्या कोर्सला सर स्टुडिओत टेबलावर तीन चिकू आणि पितळेचा तांब्या मांडायचे. बोलायचे, "डोळ्यांना खुपतंय ते उचला." मी पटकन शिकलो.

सुट्टीत तलासरीला घरी गेलो. समोरच्या टेकडीवर चढून फोन लावला. "बाबा, अंगणात येऊन उभा राहा. फोटो काढतो."

फोटो भारी आला. भातशेती, आंबा, विहीर, मागे डोंगर. फक्त आमच्या छपरावरचं निळं प्लास्टिक खुपत होतं. कॉम्प्युटरवर पुसलं. मग घर अर्धवट दिसायला लागलं, ते पण पुसलं. मग मोकळ्या रानात एकटाच उभा असलेला बाबा विचित्र वाटायला लागला.

डहाणूच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिला नंबर मिळाला. बाबा मुद्दाम बघायला आला. काचेवर बोट फिरवत बोलला, "हा आपला आंबा. ही विहीर. घर कुठंय रे?"

"लांबून काढलाय ना बाबा. नाय दिसत."

"आणि मी?"

"तू पण नाय दिसत."

आंब्याच्या बाजूला त्याचं बोट थोडा वेळ तसंच थांबलं. मग तो दारावरच्या वॉचमनला हाताला धरून घेऊन आला.

"माझ्या पोराने काढलाय. मी पण आहे यात. लांबून काढलाय म्हणून दिसत नाय, पण इथून त्याला हात हलवतोय बघा."