साच्यातली चेटकीण

खाली भाकरी थापल्याचा थपथप आवाज सुरू झाला आणि दुपारची शांतता मोडली. मृदुलाचा लिहिता हात थांबला. माण तालुक्यातल्या या गावी, भाड्याच्या खोलीत तिला लिहायला चार निवांत घटका मिळाव्यात म्हणून घरमालकीण पारूआक्का तिच्या लेकीला, रेवाला सांभाळायच्या, आणि आता पोर त्यांचीच होऊन बसली होती. मृदुलानं जिन्यातून रेवाला हाक मारली तर खालून पारूआक्काच म्हणाल्या, "आत्ता कुटं जेवाया बसलीया. तुमी लिवा की निवांत!"

मृदुला पाय आपटत परत वर आली. लेखनाच्या शिबिरात सांगितलं होतं, पात्रं जुन्या साच्यांतून घडवा: भोळं लेकरू, शहाणा म्हातारा, लेकराला भुलवून नेणारी चेटकीण. चेटकीण तिला शोधावी लागली नाही. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात गरम भाकरी. पोटातली सगळी जळजळ भराभर कागदावर उतरली.

संध्याकाळी तिनं रेवाला जवळ घेऊन गोष्ट वाचून दाखवली. चेटकीण पोरीला दुधात भाकरी कुस्करून भरवते, केसांना तेल लावते, मांडीवर थोपटून निजवते.

"भीती वाटली ना गं?" तिनं आशेनं विचारलं.

"न्हाई. लई चांगली हाय चेटकीण." रेवा जरा विचारात पडली. "पण आई, ती पोरगी रोज चेटकिणीकडंच का जाती? तिची आई कुटं हाय?"