पक्का रंग

सन १७४६. गादीवरून हटवलेल्या स्ट्युअर्ट घराण्यासाठी उठलेलं स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाचं सैन्य कलोडनच्या माळावर कापलं गेलं आणि उनाची शेजारीण मार्सली विधवा झाली. नवऱ्याची आठवण म्हणून उरला तिने स्वतः विणलेला, रंगवलेला त्याचा लाल चौकड्यांचा लोकरी शेला. सरकारने अशा शेल्यांवर बंदी आणली, तेव्हा कॅप्टन हार्ग्रेव्ह तो जाळायलाच दारात आला.

“जाळू नका साहेब, मी तो काळा करते,” मार्सली म्हणाली, आणि त्याच्यादेखत तिने शेला काळ्या रंगात बुडवला.

उनाने तिच्याशी बोलणं टाकलं, उरले फक्त टोमणे. मार्सली तो शेला पावसात कधी बाहेर काढत नसे, तेव्हा उना कुंपणावरून म्हणे, “जप बाई जप, कॅप्टनसाहेबांचा रंग भिजेल.”

छत्तीस वर्षांनी बंदी उठली. मार्सली शेला घेऊन ओढ्यावर गेली. दोन पिळे दिले तशी पाण्याला काळी धार सुटली आणि खालून लाल चौकडे वर आले. तिथेच धुणं धुणारी उना उठून जवळ आली.

“तुरटीशिवाय रंग पक्का होत नाही, उना. काळ्यात मी ती घातलीच नव्हती,” मार्सली म्हणाली. “कॅप्टनला लढाई कळायची, रंगाऱ्याचं काम नाही.”

कॅप्टन तोवर परमुलखात तापाने मेला होता. मार्सली दोन वर्षांनी गेली. उनाने स्वतःच्या हाताने तिच्यावर तो शेला पांघरला आणि सारा गाव भर पावसात तिच्यामागून चालला. लाल रंगाचा एक थेंबही उतरला नाही.